मॅट बेकरला दोन ओळीत गुंडाळलंत

संपादक महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला अमेरिकन कॉमिक्सवरचा लेख वाचला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. पानभर लेख आणि मॅट बेकर दोन ओळीत, तेही काय तर "सुंदर स्त्रिया रेखाटणारा". अहो, १९४४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये कॉमिक्स तयार करणाऱ्या आयगर स्टुडिओत काम करणारा हा काळा चित्रकार, त्याचं फँटम लेडी या सुपरहिरो बाईच्या कॉमिकचं १९४८ चं कव्हर मानसोपचारतज्ज्ञ वर्थमनी कॉमिक्सविरुद्धच्या १९५४ च्या पुस्तकात मुलं बिघडवणारं म्हणून छापलं, म्हणजे शिव्या मिळाल्या त्या अख्ख्या देशात, आणि नाव मात्र कोणाला माहीत नाही. त्याची १९५० ची चित्रकादंबरी 'इट ऱ्हाइम्स विथ लस्ट' माझ्याकडे आहे, २००७ ला परत छापलेली. शाई रे ऑस्रिनची पण पेन्सिल बेकरची. त्यातली रस्ट मॅसन नुसती उभी असली तरी कळतं की ही कोणाचं ऐकणारी नाही, ते त्या खांद्यात आणि मानेत आहे. याला "सुंदर स्त्रिया" म्हणून मोकळं व्हायचं?

आणि वूडा या त्याच्या नायकाचा तर उल्लेखच नाही. १९४५ ला क्राउन कॉमिक्समध्ये बेकरने काळा नायक काढला, आत काळा, आणि कव्हरवर गोरा! पुढे तर आतही गोरा झाला.

हे मला का लागतं सांगतो. वीस वर्षं दिवाळी अंकांसाठी चित्रं काढली मी. एकदा ऊसतोडीची बाई काढली होती, उन्हाने रापलेली, बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगावर निळ्याचा पातळ हात दिला होता, तो रंग जमायला दोन रात्री गेल्या. अंक आला तर बाई गुलाबी. विचारलं तर म्हणे स्टॉलवर उठून दिसत नव्हती. वर माझं नावही नाही. तो अंक मी घरात ठेवला नाही.

बेकर ११ ऑगस्ट १९५९ ला गेला, हृदयाचं दुखणं, वय फक्त ३७. कॉमिक्सवाल्यांच्या मानाच्या आयस्नर हॉल ऑफ फेममध्ये घेतलं ते २००९ ला, पन्नास वर्षांनी. एवढं तरी छापायला हवं होतं.

आणि लेखासोबत जे चित्र आहे, हातात ब्रश धरलेल्या माणसाचं, फार चांगलं काढलंय, पण त्याखाली चित्रकाराचं नाव कुठेच नाही, मी भिंगाने बघितलं. ज्याने काढलं तो तुमच्याच ऑफिसात बसत असेल. पुढच्या रविवारी त्याचं नाव छापा.

आपला,
एक जुना चित्रकार, कोल्हापूर