पिशवीवर नाव नव्हतं, म्हणून इथे आभार

परळच्या टाटा रुग्णालयात माझ्या रक्ताच्या कॅन्सरवर केमो चालू होती, तेव्हा प्लेटलेट सारख्या खाली यायच्या. काढलेल्या प्लेटलेट जेमतेम 5 दिवस टिकतात, साठा करून ठेवता येत नाही. कुणीतरी तास-दीड तास हाताला सुई लावून बसायचं, तेव्हा माझी पिशवी भरायची. पिशवीवर फक्त रक्तगट आणि तारीख. तुम्ही कोण, कळलंच नाही.

धर्मशाळेत आईच्या हातात रोज गरम भाकरी ठेवणाऱ्या मावशी, लोकलमध्ये माझा मास्क बघून खिडकी सोडणारे काका, तुमचेही मनापासून आभार.

मी खो-खो खेळतो. (केस गेल्यावर आमची पोरं म्हणायची, आता पकडायला काही उरलं नाही!) परवा पुन्हा मैदानात उतरलो. दीड मिनिटात बाद झालो. पण पळालो.