घाऱ्या डोळ्यांवरून कुळी ओळखू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ब्रिटनच्या केल्टिक लोकांवर, म्हणजे वेल्स, स्कॉटलंड, आयर्लंडकडच्या जुन्या भाषांच्या लोकांवर, आलेला लेख मी दोनदा वाचला. तांबडे केस, निळे डोळे, गोरा वर्ण ही तिथल्या मूळ रहिवाशांची खूण, असं त्यात ठामपणे म्हटलंय आणि शेवटी आपल्याकडचे घारे लोक त्यांचेच भाऊबंद ठरवलेत. खानापूर तालुक्यात मी ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. हा लेख शाळेतली मुलं खरा धरणार, म्हणून लिहिते आहे.

आधी मूळ रहिवाशांचं बघू. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात चेडर नावाचं गाव आहे. तिथल्या गुहेत १९०३ साली एका पुरुषाचा सांगाडा मिळाला, सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचा. त्याच्या कानाजवळच्या हाडातून डीएनए काढून लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या आणि युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१८ साली निष्कर्ष मांडला : कातडी काळी किंवा गडद सावळी, केस काळे आणि कुरळे, डोळे मात्र निळे नाहीतर हिरवट. हा जनुकांवरून बांधलेला अंदाज आहे, फोटो नव्हे, हे मान्य. पण निळे डोळे आले म्हणजे गोरी कातडी आलीच, हा समज त्यानं पार मोडतो.

त्यानंतर इ. स. पूर्व ४००० च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानाकडून पिढ्यान्‌पिढ्या पुढं सरकत आलेल्या शेतकऱ्यांचे वंशज तिथं पोचले. स्टोनहेंज या प्रचंड दगडांच्या वर्तुळाचं काम सुरू केलं ते त्यांच्याच लोकांनी. इ. स. पूर्व २४०० च्या आसपास घंटेच्या आकाराची मडकी करणारे लोक समुद्र ओलांडून आले आणि काही शतकांत ब्रिटनच्या जनुकांतला सुमारे ९० टक्के वाटा त्यांचा झाला. इ. स. पूर्व १००० ते ८७५ च्या दरम्यान फ्रान्सच्या बाजूनं आणखी माणसं आली. केल्टिक भाषा बहुधा त्यांच्यासोबत आली, असं काही संशोधक मानतात. मग रोमन, अँग्लो-सॅक्सन, व्हायकिंग. यांतला मूळ कोणता धरायचा, ते लेखकानं सांगावं.

टॅसिटस या रोमन इतिहासकारानं इ. स. ९८ च्या सुमारास ब्रिटनच्या लोकांचं वर्णन केलंय. उत्तरेकडच्या कॅलिडोनियातल्या लोकांचे केस तांबूस आणि हातपाय धिप्पाड, तर आजच्या दक्षिण वेल्समधल्या सिल्युरीज लोकांचे चेहरे सावळे आणि केस बहुतेक कुरळे, असं तो लिहितो. आज वेल्सला आपण केल्टिक भाषेचं माहेर मानतो. म्हणजे त्या काळीही एकच एक ‘केल्टिक चेहरा’ कुणाला दिसला नव्हता. २०१५ साली ब्रिटनच्या ग्रामीण भागातल्या २,००० हून अधिक लोकांचे डीएनए तपासले, आजी-आजोबा जवळपासच्याच गावांतले असलेली माणसं मुद्दाम निवडून. कॉर्नवॉल, वेल्स, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड यांचा मिळून एक केल्टिक गट काही निघाला नाही. उत्तर वेल्सचे लोक दक्षिण वेल्सच्या लोकांहून वेगळे निघाले.

तांबड्या केसांचंही तसंच. एमसी१आर या जनुकातले बदल आई आणि वडील दोघांकडून आले, की बहुधा तो रंग दिसतो. म्हणून काळ्या केसांच्या जोडप्याला तांबड्या केसांचं मूल होऊ शकतं. रशियातल्या उदमुर्त लोकांतही असे केस आढळतात आणि त्यांची भाषा केल्टिक नव्हे, फिनिशच्या गोतातली आहे.

भाऊबंदकीच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेही सांगते. युरेशियाच्या गवताळ प्रदेशातून निघालेल्या पशुपालकांचा वारसा ब्रिटनमध्येही गेला आणि भारतातही आला. पण तो घाऱ्यांत आहे तसा सावळ्यांतही आहे. त्वचा उजळवणारा एसएलसी२४ए५ या जनुकातला जो बदल युरोपात जवळजवळ सगळ्यांत असतो, तोच आपल्याकडच्या लाखो सावळ्या माणसांत आहे.

हे मला इतकं का लागतं? माझी धाकटी बहीण घारी, मी काळीसावळी. निपाणीहून तिला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या आईनं तिची हनुवटी धरून तोंड खिडकीच्या उजेडाकडं वळवलं, मग पोह्यांच्या बश्या घेऊन आलेल्या माझ्याकडं बघितलं आणि आमच्या आईला विचारलं, “ही तुमचीच नव्हं?” आई काही बोलली नाही. त्या रात्री तिनं चूल पेटवली नाही. आईचे डोळे काळेभोर होते, घारी होती ती वडिलांची आई.

माणसांची नाकं मोजून वंश ठरवण्याचा धंदा इंग्रजांनी इथंही केला. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी मराठी ब्राह्मण, कुणबी आणि कोडगू लोकांना ‘शक-द्रविड’ या एका खोक्यात घातलं. त्याआधी १८८५ साली जॉन बेडो यांनी ब्रिटनमधल्या लोकांच्या केस-डोळ्यांच्या रंगावरून ‘काळेपणाचा निर्देशांक’ काढला होता. त्यात आयरिश आणि वेल्श लोकांना कमी लेखायची सोय झाली. म्हणजे तिथं ज्यांना काळे म्हणून हिणवलं, तेच आपल्या पुरवणीत गोरेपणाचा नमुना झाले.

माझ्या सातवीच्या वर्गात एक सिद्दी मुलगी होती. तिचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, ती बोलायची कोकणी आणि मराठी, कन्नडही सफाईनं. बाहेरून आलेल्या एका पाहुण्यांनी तिला विचारलं, “तू कुठली गं?” ती म्हणाली, “गुंजीची.” गुंजी हे आमच्याच तालुक्यातलं गाव. त्यांनी पुन्हा विचारलं, “तसं नव्हे, मूळची कुठली?” तिनं पुन्हा गुंजीच सांगितलं, पण या खेपेला खाली मान घालून. मी तिथंच उभी होते आणि त्यांना थांबवलं नाही. त्याची बोच अजून आहे.

तर विनंती अशी. पुढच्या पुरवणीत दुरुस्ती द्या आणि सोबत चेडरच्या त्या माणसाच्या चेहऱ्याची प्रतिकृती छापा. रंगीत पानावरच छापा. काळ्या-पांढऱ्यात त्याच्या डोळ्यांचा रंग मुलांना दिसायचा नाही.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
खानापूर, जि. बेळगाव