शुक्रवार उलटला तरी गाणे नवेच असते

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत नव्या संगीताच्या प्रसिद्धीविषयी नुकताच एक लेख वाचला. छोट्या, स्वतंत्र लेबलांची, म्हणजे गाणी प्रकाशित करणाऱ्या संस्थांची, गाणी लोकांपर्यंत पोहोचत नाहीत याचे सारे खापर लेखकाने पैशाच्या चणचणीवर फोडले आहे. दोन सहकाऱ्यांसह मी काही वर्षे असेच एक छोटे लेबल चालवतो, त्यामुळे पैसा कमी पडतो हे मला कुणी पटवून द्यायला नको. तरीही माझा अनुभव असा आहे, की आमची गाणी पैशाअभावी जितकी बुडतात त्याहून अधिक ती वेळेचा हिशेब चुकल्याने बुडतात. प्रसिद्धीला आम्ही उशिरा सुरुवात करतो आणि लवकर हात टेकतो, आणि मधल्या एका आठवड्यात मोठ्या कंपन्यांची नक्कल करण्यात होते नव्हते ते सारे ओतून मोकळे होतो.

प्रकाशनाच्या वाराचेच पाहा. ध्वनिमुद्रण उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना आयएफपीआय हिच्या पुढाकाराने १० जुलै २०१५ पासून नवी ध्वनिमुद्रणे शुक्रवारी प्रकाशित करण्याची रीत अनेक देशांत पडली. त्याआधी देशोदेशीचे वार वेगळे होते, आणि एका देशात आलेला अल्बम दुसऱ्या देशात अधिकृतपणे पोहोचेपर्यंत त्याच्या चोरट्या प्रती तिथे फिरू लागत. ते थोपवणे हा या बदलामागचा एक हेतू होता. मोठ्या कंपन्यांना ही व्यवस्था सोयीची आहे, कारण त्यांच्या गाण्याची वाट पाहणारे श्रोते आधीपासून तयार असतात. आमच्या गाण्याची वाट कुणी पाहत नसते. मग सर्वाधिक गर्दीच्या दिवशी आपलेही गाणे त्या गर्दीत सोडायचे आणि शनिवारी सकाळी आकडे पाहून खंतावायचे, यात काय हशील? शुक्रवार हा संकेत आहे. गाणे मंगळवारी आले म्हणून कुणी पावती फाडत नाही.

खरे काम त्या दिवसाच्या कितीतरी आधी व्हावे लागते आणि ते बरेचसे कारकुनी असते. स्पॉटिफायच्या संपादकांना प्लेलिस्टसाठी गाणे सुचवायचे, तर ते अप्रकाशित असतानाच सुचवावे लागते. प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी सुचवले, तर निवड झाली नाही तरी ते त्या कलावंताच्या फॉलोअरांच्या ‘रिलीज रडार’ यादीत जाते. गाणे प्रकाशित झाल्यावर मात्र ही सोय उरत नाही. ‘अजून थोडा बास वाढवून पाहू’ असे म्हणत मिक्सिंगमध्ये आठवडे घालवणारी आणि मग रात्री दोन वाजता वितरकाच्या, म्हणजे स्ट्रीमिंग सेवांवर गाणी पोहोचवणाऱ्या कंपनीच्या, संकेतस्थळावर फाईल चढवणारी मंडळी मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतला एक तर रोज आरशात दिसतो. आता अंतिम मास्टर (प्रकाशनासाठी तयार झालेली ध्वनिफीत), मुखपृष्ठ आणि श्रेयनामावली हातात पडल्याशिवाय आम्ही तारीख ठरवतच नाही, आणि ठरवली की मध्ये पाच आठवडे ठेवतो.

श्रेयनामावलीचा उल्लेख मुद्दाम केला. एकदा आमच्या एका गायिकेच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘ए’ हे अक्षर एकदा जास्त पडले. तेवढ्यावरून ती कुणी दुसरीच कलाकार समजली गेली आणि तिच्या नावाचे वेगळे पान उघडले गेले. जुनी गाणी आणि त्यांचे श्रोते एका पानावर, नवे गाणे दुसऱ्या पानावर. दुरुस्तीला अकरा दिवस लागले. प्रसिद्धीच्या ऐन दिवसांत आम्ही लोकांना वाटलेली प्रत्येक लिंक एका ओसाड पानाकडे जात होती.

अशीच गोष्ट आयएसआरसीची, म्हणजे प्रत्येक ध्वनिमुद्रणाला मिळणाऱ्या १२ अक्षर-अंकांच्या ओळख क्रमांकाची. आधी सुटे काढलेले गाणे नंतर अल्बममध्ये घेताना तेच ध्वनिमुद्रण, तोच क्रमांक आणि तीच श्रेये कायम ठेवली, तर ऐकण्याचे जुने आकडे सहसा त्याच्यासोबत येतात, आणि क्रमांक नवा घेतला की गाणे पुन्हा शून्यावर येते. हे ठाऊक असेल तर चार गाण्यांची ईपी, म्हणजे अल्बमहून छोटा संच, एका दिवशी उधळून टाकावी लागत नाही. दर सहा आठवड्यांनी एक गाणे काढायचे आणि प्रत्येक नव्या गाण्यामागे आधीची गाणी जोडत जायचे, अशा पद्धतीने तीच ईपी चार-साडेचार महिने लोकांसमोर राहते, आणि प्रत्येक वेळी संपादकांना गाणे सुचवण्याची नवी संधी मिळते ती वेगळीच.

या मधल्या आठवड्यांत माणसांना पत्रे लिहायची असतात. आमची जुनी प्रसिद्धिपत्रके परवा काढून वाचली. ‘शैलींच्या सीमा ओलांडणारा, आजच्या पिढीच्या अस्वस्थतेला स्वर देणारा आविष्कार’ अशी सुरुवात, दीड पान मजकूर, सोबत पाच फोटो आणि जड फाईल. आणि असे पत्र एकाच वेळी तीनशे पत्त्यांवर. उत्तर एकाचेही आले नव्हते, आणि वाचताना त्यात मला कुणाची चूकही दिसली नाही. आताचे पत्र साधारण असे असते: ‘आपल्या गुरुवारच्या कार्यक्रमात चेलो आणि ड्रम मशीन असलेले गाणे ऐकले. त्याच जोडीचे आमचे एक गाणे येत्या ९ तारखेला प्रकाशित होत आहे. वेळ कमी असेल तर १ मिनिट ४० सेकंदांपासून ऐकावे. लिंक खाली दिली आहे. प्रसारणासाठी मूळ फाईल हवी असल्यास कळवावे.’ एवढेच. मात्र असे पत्र लिहायचे, तर गुरुवारचा तो कार्यक्रम खरोखर ऐकावा लागतो, आणि म्हणून महिन्याला पंधरा-वीस पत्रांपलीकडे मजल जात नाही. उत्तरे येतात ती या पंधरा-वीस पत्रांना.

नेमका एक कान गाठण्याचे महत्त्व जुन्या लेबलवाल्यांना कळत होते. जुलै १९५४ मध्ये मेम्फिस येथील सन रेकॉर्ड्सच्या सॅम फिलिप्स यांनी एल्व्हिस प्रेस्ली यांचे पहिले व्यावसायिक ध्वनिमुद्रण त्याच शहरातील डब्ल्यूएचबीक्यू या केंद्राचे निवेदक ड्यूई फिलिप्स यांच्याकडे नेले (आडनाव एक असले तरी दोघे नात्यातले नव्हते), आणि ड्यूई यांनी ते एकाच रात्री पुनःपुन्हा वाजवले. सिएटलच्या सब पॉप या लेबलने १९८९ मध्ये, गंगाजळी फारशी नसताना, ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश साप्ताहिकाचे पत्रकार एव्हरेट ट्रू यांना स्वखर्चाने आपल्या शहरात बोलावले, आणि त्यांच्या लेखाने तिथल्या बँडांकडे ब्रिटिश श्रोत्यांचे लक्ष वळले. पत्रकाराचा प्रवासखर्च लेबलने करावा का, हा प्रश्न मला खटकतो आणि आपणही नाक मुरडाल. पण हाती असलेले पैसे शंभर ठिकाणी शिंपडण्याऐवजी एका ठिकाणी लावण्याची त्यांची अक्कल मात्र घेण्यासारखी आहे.

आता आमच्या एका फजितीविषयी. एका प्रसिद्धी संस्थेने ठरावीक रकमेत दहा दिवसांत वीस हजार प्ले ‘मिळवून देण्याची’ हमी दिली आणि आम्ही ती घेतली. आकडा ठरल्याप्रमाणे आला. आम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. मग तपशील उघडून पाहिला, तर बहुतेक श्रोते अशा एका शहरातले, जिथे आमचे नावही कुणी ऐकले असण्याचे कारण नव्हते. गाणे जतन केलेले कुणी नाही, गायकाला फॉलो केलेले कुणी नाही. महिन्याभरात वितरकाची नोटीस आली, ते प्ले वजा झाले आणि गाणेही सेवेवरून उतरवले गेले. गायकाला हे सांगण्यासाठी केलेला फोन मी विसरू शकत नाही. तो चिडला नाही, त्याने फक्त विचारले, ‘म्हणजे ऐकलं कुणीच नव्हतं?’

हा मोह वाढण्याचे कारणही सांगितले पाहिजे. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागील १२ महिन्यांत १००० प्ले न झालेल्या ट्रॅकला ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळत नाही, आणि ३० सेकंद ऐकले गेले की एक प्ले धरला जातो. उंबरठ्याच्या अलीकडे अडकलेल्या लेबलला यंत्रांकडून ३१ सेकंद ‘ऐकवून घेणाऱ्या’ दुकानदाराची जाहिरात मग गोड वाटू लागते. त्याच वर्षापासून उघड उघड कृत्रिम प्ले आढळल्यास ट्रॅकमागे दंडही लावला जातो, हे जाहिरातीत लिहिलेले नसते. दंडाहून मोठे नुकसान पुढचे असते: शिफारस करणाऱ्या यंत्रणेला आपला श्रोता कोण, याची चुकीची शिकवण मिळते, आणि नंतरची खरी गाणीही भलत्याच लोकांपुढे मांडली जातात. पैसे घेऊन रेकॉर्ड वाजवणाऱ्या निवेदकांची अमेरिकी काँग्रेसने १९५९-६० मध्ये चौकशी केली होती आणि असा व्यवहार लपवणे १९६० च्या कायदादुरुस्तीने गुन्हा ठरले. आजचे दुकान निराळे, माल तोच.

स्पॉटिफायची अधिकृत ‘डिस्कव्हरी मोड’ ही सोय याहून वेगळी आहे. तीत आधी पैसे भरावे लागत नाहीत. निवडलेले गाणे त्या सेवेच्या ‘रेडिओ’ आणि ‘ऑटोप्ले’ या आपोआप वाजणाऱ्या याद्यांमध्ये पुढे आणले जाण्याची शक्यता वाढते आणि तिथे झालेल्या प्लेच्या मानधनातून ३० टक्के कापले जातात. जुन्या, कमाई थांबलेल्या गाण्यासाठी मी ती वापरीन. कुणीही न ऐकलेल्या नव्या गाण्यासाठी मन घेत नाही.

स्ट्रीमिंग सेवेवरचा श्रोता हा त्या सेवेचा असतो, त्याचा पत्ता आमच्याकडे नसतो. म्हणून कितीही छोटी असली तरी स्वतःची यादी असावी, यावर मी वाद घालायला तयार आहे. बँडकॅम्पसारख्या, श्रोत्याला थेट गाणी विकता येणाऱ्या संकेतस्थळावर डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के कापून उरलेली रक्कम, व्यवहारशुल्क वजा जाता, लेबलला मिळते, आणि त्याहून मोलाचे म्हणजे विकत घेणाऱ्याशी थेट संपर्क राहतो. सब पॉपने १९८८ मध्ये आगाऊ वर्गणी घेऊन सिंगल रेकॉर्ड पाठवण्याचा क्लब सुरू केला, त्यातली पहिली रेकॉर्ड हाताने क्रमांक घातलेल्या १००० प्रतींची होती. वर्गणीदाराला पुढे काय येणार हे ठाऊक नसे, तरी तो पैसे भरत असे. एवढा विश्वास निवडीतल्या सातत्याने येतो. १९६९ मध्ये मॅनफ्रेड आयशर यांनी म्युनिकमध्ये सुरू केलेल्या ईसीएमचे अल्बम, वादकाचे नाव कधी ऐकले नसतानाही, केवळ लेबल पाहून घेणारे लोक मला माहीत आहेत.

आमची यादी एका शंभर पानी वहीत सुरू झाली. कार्यक्रमाच्या ठिकाणी टेबलावर ती वही आणि दोरीने बांधलेले पेन ठेवतो (दोरी नसेल तर पेन पहिल्या अर्ध्या तासात जाते). त्या पत्त्यांवर महिन्यातून एकच पत्र जाते: एक गाणे आणि ते कसे झाले याच्या दहा-बारा ओळी. एका पत्रात आम्ही ध्वनिमुद्रणात शिरलेल्या पंख्याच्या घरघरीची गोष्ट लिहिली, तर तेवढी घरघर ऐकण्यासाठी लोकांनी जुने गाणे उघडले, आणि काहींनी ती नेमक्या कोणत्या सेकंदाला ऐकू येते तेही कळवले.

शेवटी आपल्याकडे एक विनंती आहे. बहुतेक वृत्तपत्रांच्या संगीतविषयक सदरांत दोन-तीन आठवड्यांहून जुनी गाणी घेतली जात नाहीत. आमचे आजवर सर्वाधिक ऐकले गेलेले गाणे प्रकाशनानंतर सातव्या महिन्यात एका निवेदिकेने रात्रीच्या कार्यक्रमात लावले, आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत ते प्रकाशनाच्या संपूर्ण आठवड्यापेक्षा जास्त वेळा ऐकले गेले. तेव्हा त्याविषयी लिहावे म्हणून मी एका सदराकडे विचारणा केली, तर उत्तर आले, ‘नवे काही असेल तर पाठवा.’ आपल्या पुरवणीत महिन्यातून निदान एक परीक्षण वर्षभरात केव्हाही आलेल्या गाण्याचे छापावे. निवड समीक्षकांनीच करावी, आमच्यापैकी कुणाची शिफारस घेऊ नये.

कळावे,
आपला विश्वासू,
एका स्वतंत्र संगीत लेबलचा चालक