आंबट वास सुटण्याआधी: मा. मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मुख्यमंत्री,
गोवा राज्य, पणजी

स. न. वि. वि.

२००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत भरतो. चित्रपट दाखवायला गोव्याने दालने उभारली. ते सांभाळायलाही एक खोली द्यावी, एवढ्यासाठी हे पत्र.

गल्लाभरू चित्रपटाच्या बऱ्याच प्रिंट निघतात, एखादी तरी कुठे सापडते. प्रयोगशील चित्रकर्ता पुष्कळदा १६ मिमीच्या रिव्हर्सल फिल्मवर काम करतो. तिला निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातून फिरलेली पट्टी हीच प्रिंट. ती गेली की चित्रपट गेला. चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ केला. त्याची एकुलती एक प्रिंट हरवली. ऐंशी ओलांडल्यावर, चित्रपट दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांच्याबरोबर आठवणीतून तो पुन्हा घडवायला ते बसले. आयुष्यभराचे काम असे आठवणीच्या भरवशावर का राहावे?

गोव्यात हरवण्याचीही गरज नाही, पावसाळा पुरतो. ॲसिटेट या प्लास्टिकच्या पट्टीची फिल्म दमट उष्म्यात विघटू लागते आणि ॲसेटिक आम्ल सुटते. डबा उघडताच व्हिनेगरचा वास येतो तो त्याचाच. ते आम्लच पुढचे विघटन वाढवते, म्हणून घट्ट बंद पत्र्याच्या डब्यात फिल्म लवकर मरते. कडा लाटांसारख्या वळतात, पट्टी आखडते. एक टक्का आखडली तरी भोके प्रोजेक्टरच्या दातांवर नीट बसत नाहीत आणि फाटतात. अशी रिळे प्रोजेक्टरवर चढवून ‘बघू तरी’ म्हणणे सर्वांत घातक.

आमची मागणी साधी आहे. एक खोली, तापमान २ ते ५ अंश, आर्द्रता ३० ते ४० टक्के, चोवीस तास. ऑफिस सुटल्यावर एसी बंद झाला तर न ठेवलेले बरे, कारण रोजच्या चढउताराने फिल्मवर दव धरते. म्हणून जनरेटर हवाच. बाहेर काढताना डबा पिशवीत घालून २४ तास शेजारच्या मध्यम थंड खोलीत ठेवायचा, मग उघडायचा. गंजके डबे टाकून हवा खेळती राहील असे पॉलिप्रोपिलीनचे डबे घ्यावेत. प्रत्येक डब्यात आम्ल मोजणारी निळी पट्टी एक दिवस ठेवावी. पिवळी पडली तर ते रीळ इतरांपासून वेगळे ठेवून आधी स्कॅन करावे, तेही दातांशिवाय चालणाऱ्या स्कॅनरवर. ४०० फुटांचे १६ मिमीचे रीळ म्हणजे सुमारे ११ मिनिटे, १६,००० चौकटी. २के डीपीएक्समध्ये, म्हणजे प्रत्येक चौकटीची वेगळी डिजिटल फाइल केली तर, सुमारे २०० जीबी. त्याच्या तीन प्रती, पैकी एक गोव्याबाहेर. स्कॅन झाले म्हणून मूळ फिल्म फेकू नये.

यंदाच्या अंदाजपत्रकात या खोलीची तरतूद व्हावी आणि मृग लागण्याआधी ती सुरू व्हावी.

आपले नम्र,
चित्रफितींची निगा राखणारे काही गोमंतकीय