कॅमेरा कसा बसवला, ते कंपनीने लिहून द्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली टाकून घ्यायला येणारी गिऱ्हाइके वाढली आहेत. नाशिकमध्ये शालिमारजवळ माझे दुरुस्तीचे दुकान आहे. सातपूर-सिडकोची मुले येतात, ओझरचे निवृत्त कामगार येतात. चांगला लॅपटॉप भंगारात जाण्यापेक्षा हे केव्हाही बरे. पण काही मॉडेलांत सगळे सुरळीत लागते आणि व्हिडिओ कॉल सुरू केला की चित्र उलटे: हनुवटी वर, छताचा पंखा खाली.

कॅमेरा बिघडलेला नसतो. स्क्रीनची चौकट उघडली की कारण दिसते. केबल सोयीने नेता यावी म्हणून अरुंद पट्टीवरचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, कारखान्यातच १८० अंशांत फिरवून बसवलेला असतो. त्याला माझी हरकत नाही, चित्र सरळ करणे सॉफ्टवेअरला अवघड नाही. पण सेन्सर उलटा आहे हे त्याला कोणीतरी सांगायला हवे ना! कंपनी ते फक्त आपल्या विंडोज ड्रायव्हरमध्ये, म्हणजे विंडोजवर कॅमेरा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, लिहिते. विंडोज गेले की माहितीही गेली.

वास्तविक ती लिहायची जागा ठरलेली आहे. लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे मशीनमध्येच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, कार्यप्रणालीला भागांची माहिती देणारे एसीपीआय तक्ते असतात; त्यांत ‘पीएलडी’ नावाची नोंद असते. भाग पुढच्या बाजूला आहे की मागच्या, झाकणावर आहे का, ४५-४५ अंशांच्या पायऱ्यांनी किती फिरवला आहे, हे सगळे तिच्या २० बाइटांत मावते. मोबाइलसारख्या, एआरएम जातीचा प्रोसेसर असलेल्या उपकरणांच्या लिनक्समध्ये हेच काम ‘डिव्हाइस ट्री’ या भागांच्या यादीतले ‘ओरिएंटेशन’ आणि ‘रोटेशन’ हे दोन गुणधर्म करतात. अँड्रॉइडलाही सेन्सरचा कोन सांगावाच लागतो. फोनमध्ये तो बहुधा ९० किंवा २७० असतो. म्हणजे व्यवस्था आहे, रकाने भरण्याचा कंटाळा आहे.

त्याचा भार मग स्वयंसेवकांवर पडतो. लिनक्सच्या एका जुन्या व्हिडिओ लायब्ररीत, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायच्या तयार कोडमध्ये, उलट्या कॅमेऱ्यांच्या लॅपटॉपची मॉडेलवार यादीच लिहून ठेवलेली आहे. कुणीतरी तक्रार करायची, मग यादीत एक ओळ वाढायची. शिवाय जो प्रोग्राम ती लायब्ररी वापरत नाही, त्याला तिचा उपयोग शून्य. मखमलाबादच्या एका मुलीची ऑनलाइन मुलाखत दुसऱ्या दिवशी होती आणि ब्राउझरमध्ये ती उलटी दिसत होती. ओबीएस या व्हिडिओ प्रोग्राममध्ये चित्र फिरवून, ब्राउझरला तेच कॅमेरा म्हणून दिसेल असा व्हर्च्युअल कॅमेरा करून दिला तेव्हा काम झाले. हा उपाय घरी बसून किती जणांना जमेल? बहुतेक जण ‘लिनक्सच खराब’ म्हणून नाद सोडतात, आणि चूक मात्र कंपनीची असते. याची मला खरोखर चीड येते.

जिल्हा परिषदेच्या शाळा, महाविद्यालये, सरकारी कार्यालये लॅपटॉप-टॅबची खरेदी घाऊक करतात. त्यांनी निविदेत एक अट घालावी: कॅमेऱ्याची जागा आणि कोन फर्मवेअरमध्ये बरोबर नोंदवलेला असावा. ती नोंद वाचून दाखवणारी साधने लिनक्समध्ये फुकट मिळतात. माल ताब्यात घेताना नमुन्याचे एक मशीन पेनड्राइव्हवरून लिनक्सने सुरू करावे, ती नोंद पाहावी, कॅमेरा लावावा. रकाना रिकामा किंवा चेहरा उलटा निघाला, तर बिल मंजूर करण्याआधी पुरवठादाराकडून फर्मवेअर दुरुस्त करून घ्यावे.

आपला,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक, नाशिक