विषय: "एक वर्ष चार्ज टिकतो" छापलेले पेन्सिल सेल महिनाभरात रिकामे, पैसे परत पाहिजेत

कस्टमर केअर टीम,

नमस्कार. तुमच्या चॅटवर बोलून झालं, टोल फ्रीवर बोलून झालं, दर वेळी नवीन माणूस, दर वेळी "सर तुमचा इश्यू समजला" आणि संध्याकाळपर्यंत तिकीट क्लोज. म्हणून आता सगळं एकाच मेलमध्ये लिहितोय. लांब होईल, पण पूर्ण वाचा आणि तुमच्याकडे ज्याला बॅटरीतलं खरंच कळतं अशा माणसाकडे पाठवा ही विनंती.

मी परभणीत फोटो स्टुडिओ चालवतो, लग्न, बारसं, साखरपुडा, डोहाळजेवण सगळ्या ऑर्डर घेतो. कॅमेऱ्याच्या आत त्याची स्वतःची लिथियम बॅटरी असते, तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण कॅमेऱ्यावरचा फ्लॅश, बाजूला स्टँडवर लावलेले फ्लॅश, ते लांबून उडवणारा ट्रिगर हे सगळं पेन्सिल सेलवर चालतं, एका फ्लॅशला चार सेल. म्हणजे आमचा अर्धा धंदा या चार सेलवर उभा आहे असं समजा. लग्नसराई सुरू व्हायच्या आधी तुमच्या रिचार्जेबल पेन्सिल सेलचे तीन पॅक घेतले, त्यातला एक चार्जरसकटचा कॉम्बो होता. बिल जोडलंय, पॅकेटचे फोटो पण जोडलेत, दोन्ही बाजूंचे, कारण खरी तक्रार पॅकेटवर काय छापलंय याचीच आहे.

पॅकेटवर मोठ्या आकड्यात २८०० एमएएच, म्हणजे सेलमध्ये चार्ज किती मावतो त्याचं माप. त्याखाली "प्री-चार्ज्ड, रेडी टू यूज". त्याखाली "एक वर्षानंतरही ८० टक्के चार्ज कायम". आणि मागे कॅमेरा आणि फ्लॅशचं चित्र. ही चारही वाक्यं, म्हणजे तीन वाक्यं आणि एक चित्र, माझ्या अनुभवात खोटी निघाली.

आता काय झालं ते सांगतो. आमच्याकडे तारखा सलग नसतात, एका आठवड्यात चार लग्नं आणि मग दहा-बारा दिवस काहीच नाही असं पण होतं. चार्ज केलेले सेल डब्यात, डबा बॅगेत, आणि तारीख आली की बॅग उचलून निघायचं, सगळेच फोटोग्राफर असंच करतात. तुमचे सेल फुल चार्ज करून ठेवले होते, मध्ये पंधराएक दिवस गेले आणि गोरज मुहूर्ताचं लग्न आलं. गोरज म्हणजे उजेड नाहीच, त्यात मंडपाचा लाल कपडा. वरात आली तोपर्यंत फ्लॅश बरा चालला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि रेडी लाईट, म्हणजे फ्लॅश पुन्हा तयार झाल्याचा दिवा, यायलाच तयार नाही, एक फ्लॅश मारला की आठ-दहा सेकंद थांबा, आणि शेवटचं "सावधान" होऊन अंतरपाट खाली आला तेव्हा फ्लॅश पूर्ण बंद. कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो घ्यायचं सेटिंग, वाढवून जे मिळालं ते मिळालं. पार्टीने बॅलन्समधून पैसे कापले ते मी तुमच्याकडे मागत नाहीये, ते मागून मिळणार नाहीत हे मला माहितीय. पण नवरीच्या वडलांनी अल्बम बघताना "हार घालतानाचा हा एवढाच का" असं विचारलं, त्याला काय उत्तर द्यायचं ते तुमच्या चॅटवाल्यांनी सांगावं.

मी ही तक्रार घेऊन आलो तेव्हा तुमच्याकडून पहिलं उत्तर आलं की "सेल चार्ज केल्यावर २४ तासांत वापरावेत". अहो मग ते एक वर्षाचं काय? साध्या जुन्या निकेल मेटल हायड्राईड सेलची, म्हणजे नेहमीच्या रिचार्जेबल पेन्सिल सेलची, ही अडचण पहिल्यापासून होतीच, चार्जरवरून काढला की पहिल्याच दिवसात दहाएक टक्के जातो आणि पुढे रोज थोडा थोडा, महिन्यात पाव हिस्सा तरी नुसता पडून पडून संपतो, आणि उन्हाळ्यात अजून जास्त. म्हणून तर २००५ साली जपानच्या सान्यो कंपनीने चार्ज धरून ठेवणारे एनेलूप सेल काढले आणि फ्लॅशवाले सगळे हळूहळू तिकडे वळले. सान्यो नंतर पॅनासॉनिककडे गेली, सेल अजून मिळतात. "रेडी टू यूज" हा शब्द पॅकेटवर दिसला की आम्ही समजतो की हा त्या जातीचा सेल आहे. तुम्ही तो शब्द वापरून पैसे घेतले आणि आत जुन्या जातीचा माल दिला असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

हे नुसतं तोंडाने म्हणत नाही. माझ्याकडे ॲनालायझर चार्जर आहे, तो सेल पूर्ण उतरवून त्यातून किती एमएएच निघाले ते दाखवतो. आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये या सेलची कपॅसिटी कशी मोजायची ते ठरलेलंय, क्षमतेच्या दहाव्या भागाच्या करंटने १६ तास चार्ज आणि पाचव्या भागाच्या करंटने १ व्होल्टपर्यंत उतरवायचं. तुमच्या २८०० ला हिशेब केला तर २८० मिलीॲम्पने चार्ज आणि ५६० ने डिस्चार्ज. माझा चार्जर ५०० ने उतरवतो, म्हणजे तुम्हाला उलट सूटच दिली. ताजा चार्ज करून लगेच मोजला तर सगळ्यात चांगला सेल १९०० च्या थोडा वर, बाकीचे त्याच्याही खाली. महिनाभर कपाटात ठेवून मोजले तर एकही ९०० ला पोचला नाही. २८०० चे ८० टक्के म्हणजे २२४० होतात, ते पण एक वर्षाने, आणि इथे पहिल्या दिवशीच तेवढे नाहीत! सातबाऱ्यावर पाच एकर आणि पेरायला गेलं तर दोन एकर नाल्यात, तसला हा आकडा आहे. चार्जरच्या स्क्रीनचे फोटो सेलवर नंबर टाकून जोडलेत.

त्याच कपाटात दुसऱ्या कंपनीचे २००० छापलेले सेल होते. आषाढी एकादशीनंतर आमच्याकडे लग्नं बंद होतात, तुळशीच्या लग्नापर्यंत फ्लॅश जवळजवळ पडूनच. ते सेल मी मुद्दाम फुल चार्ज करून चातुर्मासभर हात न लावता ठेवले आणि नंतर मोजले, १७५० च्या आसपास निघाले. ठेवायच्या आधी १९५० होते. कपाट तेच, चार्जर तोच, चार्ज करणारा माणूस पण तोच. मग "वापरण्याच्या पद्धतीत चूक असू शकते" हे वाक्य तुमच्या दुसऱ्या उत्तरात कुठून आलं?

आणि आकडा मोठा म्हणजे सेल चांगला हे पण खरं नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार. त्याच एनेलूपमध्ये साधा सेल किमान १९०० चा आहे आणि कंपनी २१०० वेळा चार्ज होईल म्हणते, जास्त क्षमतेचा किमान २५०० चा आहे तर तिथे सरळ ५०० वेळा लिहितात. एका बाजूला वाढवलं की दुसऱ्या बाजूला द्यावं लागतं, डबी तेवढीच आहे ना. तुमच्या पॅकेटवर २८०० पण आहे, एक वर्ष पण आहे आणि "१५०० वेळा रिचार्ज" पण आहे. सगळंच! शेजारी सराफाचं दुकान आहे, त्याच्या काट्यावर सेल ठेवला, १९ ग्रॅम. २००० चा चांगला सेल २६-२७ ग्रॅम भरतो, २५०० वाला ३० च्या जवळ जातो. १९ ग्रॅमच्या सेलमध्ये २८०० एमएएच भरायचा माल ठेवलाय कुठे? सराफ म्हणाला मोडीत घ्यायचा का, ते असो.

तिसरं उत्तर होतं "मेमरी इफेक्ट", म्हणजे अर्धवट उतरलेला सेल सारखा चार्ज केला की त्याची क्षमता घटते, म्हणून प्रत्येक वेळी पूर्ण उतरवून मगच चार्ज करा. हे जुन्या निकेल कॅडमियम सेलचं दुखणं, तिथलं वाक्य उचलून इथे चिकटवलंय. नवीन सेल पहिल्या दोन-तीन चार्जनंतर पूर्ण क्षमतेला येतो हे बरोबर आहे, आणि तेवढं करूनच वरचे आकडे घेतलेत. चौथं उत्तर तर भारीच होतं, सेल फ्रिजमध्ये ठेवा. गरमीत चार्ज लवकर उतरतो हे खरं आहे आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो हे पण खरं आहे, पण परभणीत सेल विकताना तुम्हाला परभणीचा उन्हाळा माहिती पाहिजे की नाही? फ्रिजमधून काढलेल्या गार सेलवर पाणी सुटतं, ते पुसत बसू की मुहूर्त पकडू. आणि आमच्या घरी फ्रिजमध्ये दह्याच्या शेजारी सेल ठेवायची परवानगी मला कोण देणार, ते तुम्ही आमच्या मंडळींशी बोलून घ्या.

पाचव्या उत्तराने मात्र डोकं फिरलं. "फ्लॅश हे हाय ड्रेन उपकरण आहे (म्हणजे एकदम जास्त करंट ओढणारं), आमचे सेल घड्याळ आणि रिमोटसाठी जास्त योग्य आहेत." पॅकेटच्या मागे कॅमेरा कुणी छापला मग? आणि जो सेल पडून पडून उतरतो तो घड्याळात टाकणं म्हणजे अजूनच उलटं, घड्याळ जेवढं खातं त्याच्यापेक्षा जास्त तो आपोआप गमावणार. घड्याळाला साधा दुकानातला अल्कलाईन सेल बरा, तो वर्ष-दोन वर्षं आरामात काढतो. उलट फ्लॅशलाच रिचार्जेबल लागतो, कारण फ्लॅशच्या आतला कपॅसिटर ३०० व्होल्टच्या आसपास भरायला सेलमधून एकदम मोठा करंट ओढला जातो. अल्कलाईनचा आतला रेझिस्टन्स जास्त, सुरुवातीला १.५ व्होल्ट दाखवेल पण लोड आला की बसतो. मेटल हायड्राईड नावाला १.२ व्होल्टचा, पण चांगला असेल तर लोडवर पण टिकतो आणि फ्लॅश पटापट तयार होतो. म्हणजे आम्हाला दोन गोष्टी लागतात, ठेवलेला चार्ज राहिला पाहिजे आणि राहिलेला चार्ज जोरात देता आला पाहिजे. तुमचे सेल दोन्हीत नापास आहेत, अर्धे भरलेले असताना सुद्धा रेडी लाईट उशिरा येते.

अजून एक, सगळे सेल सारखे खराब असते तरी एक वेळ चाललं असतं. एकाच पॅकमधल्या चार सेलमध्ये एवढा फरक आहे की एक आधी संपतो आणि बाकीचे तीन त्याच्यातून करंट ढकलत राहतात, तो उलटा चार्ज होतो आणि कायमचा मरतो. एकामागे एक जोडलेल्या चार सेलमध्ये ताकद सगळ्यात कमकुवत सेलएवढीच असते. त्यात तुमचा कॉम्बोमधला चार्जर सेल जोडीजोडीने चार्ज करतो, एकेकटा नाही, आणि सेल भरला की बंद व्हायचं सोडून ठरलेल्या तासांनी बंद होतो. अर्धा भरलेला सेल टाकला तरी तेवढेच तास, सेल हात लावू देत नाही एवढा तापतो. "चुकीच्या चार्जरमुळे सेल खराब होऊ शकतात" असं तुमच्या माणसाने मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, बरोबर आहे दादा, पण तो चार्जर तुमच्याच खोक्यातून निघालाय. फोन कट झाला.

आता मला काय पाहिजे ते लिहितो. तीनही पॅकचे आणि चार्जरचे पूर्ण पैसे, ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात. बदली सेल नकोत, त्याच लॉटचे बदलून घेऊन काय करू. पुढच्या खरेदीवर कूपन तर अजिबात नको, दोनदा ऑफर केलंत, दोनदा नाही म्हणालोय. दुसरं म्हणजे लेखी उत्तर, की २८०० हा आकडा कुठल्या टेस्टमधून आला, किमान क्षमता किती, आणि एक वर्ष ८० टक्के हे किती तापमानाला मोजलं. किमान क्षमता पॅकेटवर कुठेच नाही. तयार केल्याचा महिना आणि वर्ष छापायला लागतं, ते एका पॅकवर स्टिकरच्या खाली दबलंय आणि दुसऱ्यावर वाचताच येत नाही, फोटोत बघा. चार्ज धरून ठेवायच्या गोष्टीच विकताय तर सेल गोदामात किती दिवस पडून होता हे गिऱ्हाइकाला कळायला नको का.

तिसरं, मेलेले सेल तुम्ही परत घ्या. २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकाची आहे, आणि तुमच्या चॅटवर मला "ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू शकता" असं सांगितलं गेलं. स्क्रीनशॉट आहे.

हा मेल मिळाल्यापासून १५ दिवस वाट बघतो. त्यानंतर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला तक्रार, आणि तिथे पण नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने मी राहतो तिथेच, म्हणजे परभणीतच केस टाकता येते, तुमच्या हेड ऑफिसच्या गावाला यायची गरज नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पण नाही. भ्रामक जाहिरात म्हणजे काय ते त्याच कायद्यात लिहिलंय, तुमच्या लीगलवाल्यांना माहिती असेलच. मला कोर्टकचेरीची हौस नाही, सीझन तोंडावर आहे, पण सगळे आकडे आणि फोटो फाईलला लावून ठेवलेत.

सेल फेकलेले नाहीत, प्रत्येकावर मार्करने नंबर टाकून डब्यात ठेवलेत, तुमच्या लॅबला मोजायचे असतील तर न्या आणि आकडे मला पण कळवा. कुरिअरचा पिकअप दुपारी दोननंतर पाठवा, सकाळी स्टुडिओत पासपोर्ट फोटोची गर्दी असते आणि एकटाच असतो.

आपला,
एक ग्राहक, परभणी

सोबत: बिल, पॅकेटचे फोटो, चार्जर स्क्रीनचे फोटो, चॅटचे स्क्रीनशॉट. नाव आणि नंबर बिलावर आहे.