कोकोचा भाव आणि पोरांच्या हातातला कोयता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला ‘फेअर ट्रेड’ चॉकलेटवरचा लेख वाचला. कोकोच्या शेतकऱ्याला बरा भाव मिळावा म्हणून चार पैसे जास्त मोजणं हा शहरी श्रीमंतांचा छंद, असं लेखकाने ठरवून टाकलंय. लेखक महाशय कधी मोंढ्यात माल घेऊन गेलेले दिसत नाहीत.

मी जातो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. पण सरकारी केंद्रावर १२ टक्क्यांच्या वर ओलावा चालत नव्हता, म्हणून माल आडतीवर नेला. व्यापाऱ्याच्या माणसाने पोत्याच्या पार तळातून मूठभर दाणे काढले, मॉइश्चरच्या यंत्रात टाकले आणि आकडा आम्हाला दिसायच्या आत भाव सांगून मोकळा झाला. चार हजाराच्या आत! “शेठ, वरचेही दाणे बघा की,” म्हटलं. “सर, परवडत नसेल तर वापस न्या.” वापस न्यायचं तर टेम्पोचं भाडं पुन्हा अंगावर. दिला. ओलाव्याची मर्यादा १५ टक्के झाली ती नोव्हेंबरात. तोवर नड असलेल्यांचा माल विकून झाला होता.

आयव्हरी कोस्टच्या कोको शेतकऱ्याचं याहून काय वेगळं? एप्रिल २०१७ मध्ये तिथला सरकारी भाव किलोला १,१०० फ्रँकवरून एकदम ७०० वर आला. फेअर ट्रेडमध्ये बाजार कितीही पडला तरी खरेदीदाराला ठरल्या भावाखाली जाता येत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये हा भाव टनाला २,४०० डॉलर केला गेला. बाजार चढला तर चढा भाव द्यायचा, शिवाय टनामागे २४० डॉलर शेतकऱ्यांच्या संस्थेला. ते कशावर खर्चायचे हे सभासद ठरवतात. यात छंद कुठे आला?

फेअर ट्रेडचा शिक्का असूनही सगळ्यांचं भागत नाही, हे लेखकाचं म्हणणं खरं आहे. पिकलेला सगळा माल त्या भावाने उचलला जात नाही, म्हणून भागत नाही. मग घेणारे वाढवायचे, की आहेत त्यांनाही परतवायचं?

भाव पडला की मजूर परवडत नाही आणि घरचीच पोरं कामाला लागतात. घाना आणि आयव्हरी कोस्टमध्ये कोकोच्या कामात सुमारे १५.६ लाख बालमजूर असल्याचा अहवाल २०२० मध्ये आला. कोकोची फळं फोडायला तिथली पोरं कोयताच वापरतात. कोयता म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यात सांगावं लागत नाही. मी केज तालुक्यात शिकवत होतो तेव्हा दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघायच्या, पोरंही सोबत जायची आणि वर्ग निम्मा व्हायचा. सातवीतला एक मुलगा उन्हाळ्यात परत आला, तेव्हा त्याच्या डाव्या नडगीवर बोटभर लांब वण होता. गणितात वर्गात सगळ्यांच्या पुढे. पुढच्या वर्षी तो आलाच नाही. आणि तुमचा लेखक विचारतो, ‘तिकडच्या पोरांशी आपलं काय?’

आमच्याकडे असलं चॉकलेट दुकानात दिसत नाही. पुण्या-मुंबईत ज्यांना मिळतं आणि परवडतं, त्यांनी ते जरूर घ्यावं.

जाता जाता, तुमच्या बाजारभावाच्या चौकटीत सोयाबीनचा फक्त कमाल दर येतो. तो भाव एखाद-दुसऱ्या ढिगालाच लागतो. किमान आणि सर्वसाधारण दर बाजार समितीच्या फळ्यावर रोज लिहिलेले असतात. तेही छापा.

एक निवृत्त शिक्षक व शेतकरी,
ता. केज, जि. बीड